घरातला शिक्का

घरात तिला शिक्का म्हणत. खरं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं.

हे नाव पडलं बाबांच्या सलूनमध्ये. तेव्हा ती एवढीशी होती आणि शाळा सुटली की तिथल्याच बाकावर पाय हलवत बसायची. एकदा एक गिऱ्हाईक बाबांच्या खुर्चीवरून उठलं, आरशात मान वळवून पाहिलं आणि लाडात येऊन तिला विचारलं, "काय गं, कसा दिसतोय मी?"

"मागून अर्धाच झालाय," ती म्हणाली.

माणूस मुकाट्यानं परत बसला. मागून खरोखरच अर्धा राहिला होता. बाबा कसनुसे हसले. शेजारच्या खुर्चीवर काम करणारा काका मात्र इतका हसला की त्याला हातातला वस्तरा खाली ठेवावा लागला. "दादा, ही पोरगी म्हणजे शिक्का आहे. हिनं मारला की माल पास!"

गंमत तिथंच संपायला हवी होती. पण आईबाबांना तिचा उपयोग सापडला. त्या दोघांचं पटत नव्हतं असं म्हणणं म्हणजे विस्तवाला कोमट म्हणणं. नळ उघडा कुणी ठेवला, काल आधी कोण ओरडलं, आत्याच्या फोनवर नेमकं काय बोलणं झालं, कशावरूनही पेटायचं. आणि पेटलं की दोघांपैकी एकजण ओरडायचं, "विचारा तिला!" मग ती अर्धी वेणी घालत असो की तोंडात घास असो, तिला यावं लागायचं. ती सांगायची. भांडण संपायचं. जो हरायचा तो संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलायचा नाही. खरं बोलणाऱ्याला मान मिळतो, माया मिळेलच असं नाही, हे तिला दुधाचे दात पडायच्या आत कळलं होतं.

त्यात बहुतेक वेळा हरायची आई. तिचं चुकायचं म्हणून नव्हे, तर बाबांना तिचा एकही शब्द शिक्क्याशिवाय चालायचा नाही म्हणून. आई बेकरीत पाव बांधायच्या कामाला होती. पहाटे जायची, दुपारी परत यायची. "आज भाजीवाला आलाच नाही," असं ती म्हणाली तरी बाबा मान वळवून लेकीला विचारायचे, "नव्हता आला का गं?" लेक म्हणायची, "नव्हता." मग बाबा ताटाकडे वळायचे. आई डावातला रस्सा जरा जास्तच जोरात वाढायची.

पुढे भाऊभाऊ फुटले. तेही एका वाक्यावरून. बाबांच्या खुर्चीवरून उठलेला एक जुना माणूस हळूच काकाच्या खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, "कानामागे जरा हात फिरव." काकानं फिरवला आणि भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत बोलून गेला, "दादा, तुझ्या हाताला कान नाहीत."

काकाची एक सवय होती. कोणाच्याही केसाला कात्री लावण्याआधी तो ती कानाशी न्यायचा आणि हवेतच दोनदा चालवायचा. धार बोथट असेल, खिळा सैल असेल, तर कात्री आधी आवाजातून सांगते, असं त्याचं म्हणणं. बाबा त्याला नाटक म्हणायचे. पण नाटक म्हणणं वेगळं आणि आपल्या गिऱ्हाइकांसमोर हाताला कान नाहीत असं ऐकून घेणं वेगळं. त्याच आठवड्यात काकानं बाजाराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं दुकान थाटलं. त्या दिवसापासून काकाचं नाव घरात निघालं की बाबा पाण्याचा पेला आपटायचे. आजोबा बाबांकडेच राहिले, कारण त्यांच्यानं जिना उतरवत नव्हता. मनानं ते कुठल्या घरात राहत होते ते सगळ्यांना माहीत होतं.

शिक्का सोळा वर्षांची झाली आणि एका संध्याकाळी दुकानात बाबांना म्हणाली, "मला शिकवा ना कापायला."

बाबांनी आरशातून गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि डोळा मारला. "ऐकलंत? आमच्या बाईसाहेब न्हावी होणार. आधी गणितात पास हो म्हणावं!" बाकावरचे सगळे हसले. तिनं बाबांकडे पाहिलं, हसणाऱ्यांकडे पाहिलं आणि घरी आली. तिला राग यायचा तो असा, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी ती काकाच्या दुकानात गेली. काकाही काही साधुसंत नव्हता. तिला पायरीवर बघून त्याचे डोळे असे चमकले की एखाद्याला वाटावं, पुतणीच्या प्रेमानंच चमकले. "दादानं नाही म्हटलं? मग मी शिकवतो. त्याला आत्ता सांगू नकोस. हात बसू दे तुझा, मग सांगू. मला त्याचं तोंड बघायचंय."

तिनं घरी सांगितलं की गणिताचा क्लास लावलाय, मैत्रिणीची ताई फुकट शिकवते. क्लास कुठे, ताई कोण, किती वाजता सुटतो, सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं घोटून ठेवली होती.  बाबा म्हणाले, "बरं." आई म्हणाली, "छत्री ने." संपलं. इतक्या वर्षांत एवढ्या खऱ्या गोष्टी सांगून झाल्या होत्या की पहिलं खोटं कुणी उलटूनसुद्धा पाहिलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला अपमान झाल्यासारखं वाटलं. घरात इतका धाकधपटशा, इतका संशय, आणि तिच्या वाट्याला त्यातला चिमूटभरही नाही!

पकडलं जाण्याचीही सोय नव्हती. दुसऱ्या कुठल्या घरात मुलीच्या बाह्यांवर बारीक बारीक केस दिसले असते तर कुणीतरी विचारलं असतं. या घरात केस कशावर नव्हते? टॉवेलवर होते, उशीवर होते, बाबा जेवायला बसले की ताटाभोवती होते.

वर्षभरात तिचा हात बसला. कंगव्यावर केस उचलून खालून वर जाणं, कल्ले डोळ्यांनी न मोजता बोटांनी मोजणं, सगळं आलं. आणि कात्री कानाशी नेणंही आलं. ते तिला कुणी शिकवलं नाही. ते बघूनबघून हाताला लागलं.

मग बाबांचं मनगट धरलं. दुकानात कसंबसं काम रेटायचे, घरी आले की हात गरम पाण्यात बुडवून बसायचे. आजोबांचे केस वाढून मानेवर लोळायला लागले. सुट्टीच्या दिवशी कापतो म्हणता म्हणता तीन सुट्ट्या गेल्या. एका दुपारी आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि तिथंच टाकीच्या सावलीत तिचा डोळा लागला. आजोबा मान खाजवत नातीला म्हणाले, "माझं मेंढरू झालंय गं. कुणाला दया येते का बघ."

तिला दया आली. खरं सांगायचं तर दया थोडी आणि खुमखुमी फार. तिनं आजोबांच्या गळ्याभोवती चादर गुंडाळली आणि कापले. आजोबा डोळे मिटून बसले. पहिल्यांदा कानाशी दोनदा कात्री वाजली तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला, नातीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. झाल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "झाड बघू नीट, केस खाली राहायला नकोत." तिनं झाडलं, चादर झटकली आणि 'क्लासला' गेली.

संध्याकाळी बाबा घरात शिरले ते आजोबांच्या मागेच थांबले. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"रेघ कुठंय?" त्यांनी विचारलं.

बाबा मानेवर मशिननं सरळ रेघ मारायचे. सगळ्यांच्याच. काका रेघ मारायचा नाही. तो कात्रीनंच केस असे विरत आणायचा की ते कुठे संपले ते कळू नये. आजोबांच्या मानेवर केस कुठे संपले ते कळत नव्हतं.

"कोणी कापले?"

आजोबांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "ज्याला येतं त्यानं."

म्हातारा दुष्टच होता, दुसरा शब्द नाही. बाबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. ते स्वयंपाकघराकडे वळले. "तो आला होता. माझ्या घरात. तू घेतलंस त्याला आत."

"कोण?" आई म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच सकाळी कापले."

"मी असे कापतो?"

या प्रश्नाला बरोबर उत्तरच नव्हतं. हो म्हटलं तर नवऱ्याचा हात इतक्या वर्षांत ओळखता येत नाही असं होतं, नाही म्हटलं तर मग कुणी कापले. आईनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मला नाही माहीत. मी गच्चीवर होते."

"गच्चीवर!" बाबा म्हणाले. "बोलाव तिला."

शिक्का नुकतीच आत येत होती. दप्तर खांद्यावरच होतं.

"काका आला होता घरी?"

"नाही," ती म्हणाली. हे खरं होतं आणि तिनं ते डोळ्याला डोळा देऊन सांगितलं.

"मग आजोबांचे केस कोणी कापले?"

आता बोलायचं होतं. 'मी' हा एकच शब्द होता. पण त्या एका शब्दामागे काका होता, काकाच्या दुकानातली तिसरी खुर्ची होती जी परीक्षेनंतर तिची व्हायची होती, आणि आरशातून मारलेला तो डोळाही होता. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. 

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी क्लासला होते."

बाबांनी मान हलवली. त्यांचा हिशेब सरळ होता. पोरगी खोटं बोलत नाही. पोरगी घरात नव्हती, म्हणून तिला काका दिसला नाही. घरात होती ती आई. म्हणजे खोटं बोलते ती आई. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला.

आईनं लेकीकडे पाहिलं. संशयानं नाही. नेहमीसारखं, शिक्का नेहमीप्रमाणे विरुद्ध बाजूला पडला म्हणून. तेच शिक्क्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाराचं कुलूप बदललं. नवीन किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली आणि दुसरी लेकीच्या हातावर ठेवली. आईच्या समोर. "ही तुझ्याकडे. मला घरात एक तरी माणूस असं पाहिजे की ज्याच्या भरवशावर दार टाकून जाता येईल." सकाळी निघताना ते बाहेरून कुलूप लावायचे. आजोबा आत कैद, आई बाहेर कैद. शेजारच्या दाराला जाळी होती, तिथून हे सगळं दिसायचं.

आई बेकरीतून दुपारी यायची आणि जिन्यावर बसायची. शाळा सुटून शिक्का येईपर्यंत. काकाकडून यायचं असेल तर आणखी उशीर. आत आजोबा खोकायचे आणि दारातूनच विचारायचे, "आली का गं किल्ली?" वरच्या मजल्यावरची नर्स जिना चढता चढता थांबायची. "पुन्हा किल्ली विसरलात, वहिनी?"

"हो ना," आई म्हणायची. "डोकंच चालत नाही हल्ली."

शिक्क्यानं हे एकदा वळणावरून ऐकलं. आई खोटं बोलत होती, सराईतपणे, घराची लाज झाकायला. आईच्या पायाशी पावाची पिशवी होती. पाव जिन्यावरच थंड झाले होते. शिक्क्याला तिथंच सांगून टाकावंसं वाटलं. तिनं कुलूप उघडलं. आई उठली आणि बाजूनं आत गेली.

"असं कधीपर्यंत?" शिक्क्यानं विचारलं.

"तू सांगशील तोपर्यंत," आई म्हणाली. तिला म्हणायचं होतं की बाबा तुझंच ऐकतात.  पण शिक्क्याला वाटलं, आईला कळलं. आईला काहीच कळलं नव्हतं. तिनं पाव फडताळात ठेवले आणि चहाला आधण ठेवलं.

कळलं ते सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी, सगळे घरात असताना.

भांडण आईनंच काढलं होतं. आज तिला किल्ली हवी होती. बाबा म्हणत होते, मिळणार नाही. "खोटं बोलणाऱ्याच्या हातात मी घर देत नाही."

"मी खोटं बोलले नाही!"

"मग केस आपोआप कापले गेले? वाऱ्यानं?"

"विचारा ना मग तुमच्या शिक्क्याला पुन्हा! रोज विचारा! माझ्या तोंडाला काय, कुलूपच घाला!" आईनं दुधाची पिशवी ओट्यावर आपटली, फळीवरची कात्री ओढली आणि लेकीच्या हातात कोंबली. "काप ती पिशवी. माझे हात थरथरतायत."

शिक्क्यानं कात्री घेतली. तिचं लक्ष आईच्या हातांकडे होतं. हात स्वतःच्या सवयीनं गेला. कात्री कानाशी गेली आणि हवेत दोनदा वाजली.

मग तिनं पिशवीचा कोपरा कापला. दूध पातेल्यात पडायला लागलं, आणि दुसरा कसलाच आवाज येत नाहीये हे तिच्या ध्यानात आलं.

आजोबा आतल्या खोलीतून म्हणाले, "गेलं."

बाबा कात्रीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष झालं."

"क्लास?"

"नाहीये."

आई ओट्याला टेकली.  ती लेकीकडे बघत राहिली. दुकानदारानं ओळखीच्या माणसाकडून आलेली नोट परत परत उजेडात धरावी, तसं.

"माझ्याकडे का नाही आलीस?" बाबा म्हणाले.

"आले होते. तुम्ही हसलात. सगळे हसले."

बाबांना ते आठवलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ते उठून तिच्यासमोर आले. दुखरं मनगट त्यांनी दुसऱ्या हातात धरलं होतं. "एक सांग. दोघांचं काम पाहिलंयस तू. कोणाचा हात चांगला?"

"अहो, नका विचारू," आई म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या बाजूनं बोलली.

शिक्क्यापुढे दोन उत्तरं होती. 'तुमचा' म्हटलं असतं तर कदाचित त्या माणसाचं मनगट दुखायचं थांबलं असतं. पण एक वर्ष खोटं बोलून तिचा जीव आंबून गेला होता, आणि तिला वाटलं, आता निदान एक खरं बोललं तर सगळं परत पहिल्यासारखं होईल. शिवाय ती चिडलेलीही होती.

"काकांचा," ती म्हणाली.

बाबांनी एक श्वास घेतला. आणि मग ते हसले. अगदी मनापासून, खांदे हलवत, सुटल्यासारखे हसले. "खोटं!" ते म्हणाले. आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंत का? तुमची नात खोटारडी आहे. वर्षभर खोटं बोलली, आताही बोलतेय. कुणी मानायचं तिचं?" त्यांचा चेहरा उजळला होता. दुकान फुटल्यापासून त्यांच्या उरावर बसलेलं वाक्य कुणीतरी उचलून नेल्यासारखा. 

आईनं हात पुढे केला. शिक्क्याला क्षणभर वाटलं, ती जवळ घेतेय. तिनं बोटं हलवली. शिक्क्यानं खिशातून किल्ली काढून त्या हातावर ठेवली. बाबांनी अडवलं नाही.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती काकाकडे गेली, सांगायला, की आता येणार नाही. काकानं हातातलं गिऱ्हाईक तसंच फेसासकट सोडलं. "कळलं? काय म्हणाला? तोंड कसं झालं त्याचं?"

"कोणाचा हात चांगला म्हणून विचारलं."

"मग?"

"तुमचा म्हटलं."

काका फुलला. आरशात एकदा स्वतःकडे बघूनही घेतलं. "मग? मग काय म्हणाला?"

"खोटं म्हणाले. खोटारडीचं कोण मानतं?"

काकाचा चेहरा उतरला. त्याला हवा होता तो निकाल मिळाला होता, पण त्याखालचा शिक्का चालेनासा झाला होता. तो गिऱ्हाइकाकडे वळला. ज्या कात्रीवर ती शिकली ती तिनं मागितली नाही आणि त्यानंही दिली नाही.

घरी आली तर दाराला कुलूप होतं. ती जिन्यावर बसली, आई बसायची त्याच पायरीवर. आतून आजोबांनी विचारलं, "आली का गं किल्ली?" ती म्हणाली, "नाही, मीच आहे." वरच्या मजल्यावरची नर्स आली. "आज तू किल्ली विसरलीस?"

"विसरले नाही. काढून घेतली माझ्याकडून. मी खोटं बोलले म्हणून."

"चल, काहीतरीच!" नर्स हसली. "तू आणि खोटं!" आणि किल्ल्या वाजवत वर निघून गेली.

आई त्या दिवशी बेकरीतून उशिरा आली. पावाची पिशवी तिनं लेकीच्या मांडीवर ठेवली नाही, दुसऱ्या हातात घेतली. कमरेची किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवायची थांबली.

"कुठं होतीस?"

"काकांकडे. आता जाणार नाही, असं सांगून आले."

हे खरं होतं. शब्दन् शब्द खरं. शिक्क्यानं ते नेहमीच्या पद्धतीनं, डोळ्याला डोळा देऊन सांगितलं आणि आता दार उघडेल म्हणून उठून उभी राहिली.

आई तिच्याकडे वळली. "कशावरून?" ती म्हणाली, आणि उत्तराची खरोखर वाट पाहत उभी राहिली.